सव्वीस जुलैला शाळेत बोलावले आहे. पण मी कारगिलला नव्हतो

निवृत्त_हवालदार (कागल):

नमस्कार. महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षे झाली. गावाकडे थोडी शेती आहे, तिच्यातच दिवस जातो. गेल्या आठवड्यात आमच्या भागातील एका माध्यमिक शाळेचे शिक्षक घरी आले. २६ जुलैच्या कारगिल विजय दिनाला 'कारगिल योद्धा' म्हणून मी मुलांसमोर बोलावे, अशी त्यांची विनंती होती. १९९९ च्या उन्हाळ्यात मी राजस्थानच्या सीमेवर होतो, कारगिलचे डोंगर मी पाहिलेलेही नाहीत आणि मी प्रत्यक्ष लढलो तो श्रीलंकेत, १९८७ ते १९९० या काळात, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी प्रामाणिकपणे विचारले, "श्रीलंकेशी आपले युद्ध कधी झाले?" मी पाच-दहा मिनिटे समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि मग अतिशय नम्रपणे म्हणाले, "ते असू द्या, तुम्ही कारगिलविषयीच बोला. पत्रिका छापून झाल्या आहेत."

मला त्यांचा राग आला नाही, कारण हा अनुभव नवा नाही. तरीही तेव्हापासून झोप नीट लागत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला आणि त्या करारानुसार भारतीय शांतिसेना श्रीलंकेच्या उत्तर आणि पूर्व भागात गेली. तमिळ संघटनांनी शस्त्रे आमच्याकडे जमा करायची, श्रीलंकेच्या सैन्याने बराकीत राहायचे आणि आम्ही दोघांच्या मध्ये उभे राहायचे, असे ते काम होते. पहिल्या काही आठवड्यांत आपल्या जवानांना तिथल्या लोकांनी हार घातले, शहाळी दिली. ऑक्टोबर उजाडेपर्यंत सारे उलटले. ज्या लिट्टे या तमिळ संघटनेच्या पोरांना काही वर्षांपूर्वी आपल्याच देशाने शस्त्रे चालवायला शिकवले होते, तिच्याशीच लढण्याचा हुकूम आम्हाला मिळाला आणि ऑपरेशन पवन सुरू झाले. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी २९ जण मारले गेले. आमच्या रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमधील मेजर रामस्वामी परमेश्वरन, जे मूळचे मुंबईचे, ते २५ नोव्हेंबरला पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या मोहिमेतील ते एकमेव परमवीर चक्र आहे. एकंदर अकराशेहून अधिक जवान तिथे कामी आले.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा शिपाई होतो. जाफन्याची लाल माती, कांद्याचे वाफे, तंबाखूची शेते आणि विहिरीवरचे आंघोळीचे दगड पाहून मला पहिल्या दिवशी घरचीच आठवण झाली होती, कारण आमच्या भागातही तंबाखूच पिकतो. नंतर त्याच शेतांच्या बांधावरून चालताना पाऊल कुठे पडते आहे, याखेरीज दुसरा विचार मनात येत नसे. सुरुंग रस्त्याखाली असत, मोरीखाली असत, ताडाच्या झावळ्यांच्या कुंपणात असत. समोरच्याला गणवेश नव्हता. त्याच्या हातात एके-४७ आणि आमच्या हातात जड एसएलआर रायफल. सकाळी ज्या पोराने सायकल थांबवून रस्ता दिला, तोच संध्याकाळी आमच्यावर गोळी झाडणारा असू शकतो किंवा नसूही शकतो, ही शंका पोटात घेऊन अडीच वर्षे काढायची. शांतिसेना हे नाव आम्हाला दिलेले होते. त्या नावाखाली लढाई करताना आपण नेमके काय करतो आहोत, हे कोणाला समजावून सांगता येत नसे, स्वतःलाही नाही.

माझा एक जिवलग मित्र १९८८ मध्ये सुरुंगात गेला. त्याच्यावर तिथेच अंत्यसंस्कार झाले. रजेवर आल्यावर मी त्याच्या गावी जाऊन त्याच्या आईला भेटलो. तिने मला एकच विचारले, "कुणाशी भांडण होतं रे आपलं?" मी जे काही उत्तर दिले असेल, ते तिला पटले नाही हे मला दिसत होते. मलाही ते पटलेले नव्हते.

१९९० च्या मार्चमध्ये शेवटच्या तुकड्या परतल्या. मद्रासच्या बंदरावर आमच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री आले नाहीत, आणि का आले नाहीत हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळले. ज्यांच्या रक्ताच्या नात्याच्या माणसांवर आम्ही गोळ्या झाडल्या, त्यांनी हार का घालावेत, हा त्यांचा युक्तिवाद आज मला कळतो; त्या दिवशी कळला नव्हता. मिरजेच्या पॅसेंजरमध्ये मी दाराजवळ काळ्या पेटीवर बसून आलो. पेटी वाटेत येते म्हणून एका गृहस्थांनी मला दोनदा सुनावले.

आता नऊ वर्षांनंतरचे सांगतो. सप्टेंबर १९९९ मध्ये गणपतीच्या रजेवर येताना मी पुण्याहून गोवा एक्सप्रेसने मिरजेला येत होतो. अंगावर तोच गणवेश, हातात बहुधा तीच पेटी. डब्यात शिरताच लोक उठून उभे राहिले. एका वृद्ध गृहस्थांनी वाकून नमस्कार केला आणि मला अंग चोरून घ्यावेसे वाटले. एका बाईंनी डबा उघडून बेसनाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. मी म्हणालो, "मी कारगिलला नव्हतो." त्यावर त्यांचे यजमान हसून म्हणाले, "तुम्ही लोक कधीच सांगत नाही, हेच तर तुमचे मोठेपण." मी पुन्हा सांगितले, पण कोणाला ते ऐकायचे नव्हते. शेवटी मी तो लाडू खाल्ला. आजही बेसनाचा लाडू समोर आला की मला तो डबा दिसतो आणि ज्याला हा लाडू मिळायला हवा होता तो माझा मित्र दिसतो.

म्हणून विचारतो. या शाळेत मी जावे का? आणि गेलो तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना काय सांगावे?

---

तोफखान्यातला_सुभेदार:

हवालदारसाहेब, जय हिंद. आपण ज्या लाडवाविषयी लिहिले आहे, तो खरोखर माझ्या वाट्याचा होता असे कोणी म्हणेल, म्हणून मीच उत्तर देतो.

१९९९ मध्ये मी कारगिलजवळच्या द्रासला बोफोर्स तोफेवर होतो. लोकांना वाटते की कारगिल म्हणजे टायगर हिलवर तिरंगा रोवणारे जवान. ते होतेच, आणि त्यांचा मान वेगळाच आहे. पण माझे युद्ध म्हणजे नळी तापून लाल होईपर्यंत गोळा भरणे, हुकूम आला की मागे सरणे आणि आपला गोळा कुठे पडला हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकणे. शत्रूचा चेहरा मी एकदाही पाहिला नाही. १३ जूनला तोलोलिंगचे शिखर हाती आले तेव्हा खाली आणलेले आपलेच जवान पाहिले, ते मात्र विसरता येत नाहीत. डाव्या कानाने मला आता जवळजवळ ऐकू येत नाही. बायको म्हणते, मी मुद्दामच त्या बाजूने ऐकत नाही.

ऑगस्टमध्ये गावी आलो तेव्हा वेशीपासून ट्रॅक्टरमधून मिरवणूक निघाली. लेझीम होते, गुलाल होता आणि भाषणात माझ्याकडून टायगर हिल जिंकून घेण्यात आली. मी दुरुस्ती केली नाही. आपण निदान दोनदा सांगितलेत, मी एकदाही नाही. असे का झाले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते ते युद्ध लोकांनी घरात बसून दूरचित्रवाणीवर पाहिले होते आणि आपल्या देशात असे प्रथमच घडत होते. दुसरे म्हणजे, त्याआधीच्या लढायांत जवान जिथे पडे तिथेच बहुधा त्याच्यावर अग्निसंस्कार होत. १९९९ मध्ये तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगाव पोचल्या. ५२७ जवान गेले. ज्या तालुक्यात पेटी आली, त्या तालुक्याला युद्ध कळले. आपल्या मित्राची पेटी त्या माउलीच्या दारात आली असती, तर गावाने तिला तो प्रश्न एकटीने विचारू दिला नसता.

पण त्या मानाचे आयुष्य किती, तेही सांगतो. निवृत्तीनंतर मी एका बँकेच्या शाखेत सुरक्षारक्षक म्हणून लागलो. एका वर्षी २६ जुलैला शाखेतल्या मंडळींनी सकाळी दहा वाजता मला शाल, श्रीफळ आणि हार दिला, फोटो काढले. सव्वादहाला दार उघडले आणि पहिल्याच ग्राहकाने हाक मारली, "ए वॉचमन, जरा पेन दे." हार अजून माझ्या गळ्यातच होता. मी पेन दिले. त्यात त्या माणसाचे काही चुकले असे मला वाटत नाही, पण ती पंधरा मिनिटे माझ्या लक्षात राहिली आहेत.

माझे मत विचाराल तर जरूर जावे, मात्र 'कारगिल योद्धा' म्हणून नव्हे. पत्रिका छापल्या असतील तर आपल्या नावापुढचे ते दोन शब्द पेनने खोडायला शाळेला सांगावे.

---

पहाटे_पळणारा:

काका, मी एकवीस वर्षांचा आहे आणि दोन वर्षांपासून भरतीची तयारी करतो आहे. १६०० मीटरची वेळ आता बरी येते. आमच्या मैदानावर चाळीस मुले येतात, सगळ्यांच्या मोबाईलच्या स्टेटसला कारगिलचे व्हिडिओ असतात, आणि खरे सांगायचे तर ऑपरेशन पवन हे नाव मी आज पहिल्यांदा वाचले. आम्ही लागलो तरी अग्निवीर म्हणूनच लागणार. चार वर्षांनी चौघांपैकी एकालाच पुढे ठेवतात. उरलेले तिघे गावी परत येतील तेव्हा लोक त्यांना काय म्हणतील, याचा विचार तुमचे वाचून मनात आला. शाळेत बोलू दिले नाही, तर आमच्या मैदानावर या.

---

स्कारबरोहून:

मी गेली अठरा वर्षे कॅनडात टोरांटोजवळ राहते. माझे उत्तर कदाचित रुचणार नाही, तरीही आपण इतक्या प्रामाणिकपणे लिहिले आहे म्हणून लिहिण्याचे धैर्य करते.

आमच्या भागात श्रीलंकेतून आलेली तमिळ कुटुंबे खूप आहेत. माझ्या शेजारच्या आजी मूळच्या जाफन्याच्या. त्या मला लोणचे देतात, मी त्यांना पुरणपोळी देते, आमचे छान जमते. पहिल्या वर्षी मी भारतातून आले आहे हे कळल्यावर त्या काही काळ माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांच्या नात्यातील एक व्यक्ती जाफन्याच्या रुग्णालयात कामाला होती. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी भारतीय जवान त्या रुग्णालयात शिरले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून साठाहून अधिक माणसे मारली गेली. आत दडलेल्यांशी झालेल्या चकमकीत ही माणसे सापडली, असे भारतीय बाजूने सांगितले जाते. आजींकडची हकिगत वेगळी आहे आणि मी ती इथे लिहिणार नाही. तो दिवस त्यांच्या दीपावलीचा होता, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीचा. आजही त्या दिवशी त्या दिवा लावतात, पण फराळाचे करत नाहीत.

मला आपल्यावर कोणताही आरोप करायचा नाही. आपण कुठे होतात हे मला माहीत नाही आणि विचारण्याचा मला अधिकारही नाही. पण शाळेत बोलताना आपले दुःख सांगाल, आपल्या मित्राचे सांगाल, समाजाने विचारले नाही हे सांगाल. त्यात या आजी कुठे असतील?

---

शिक्षक_माध्यमिक:

मी याच पेशातला आहे, त्यामुळे माझ्या बंधूंची बाजू थोडी मांडतो. २६ जुलैचा कार्यक्रम आमच्यासाठी वरून आलेल्या परिपत्रकाचा भाग असतो. पुठ्ठ्याच्या बंदुका, देशभक्तीपर गाण्यावर नृत्य, एक पाहुणा, आभारप्रदर्शन आणि दुपारच्या आत शाळा पुन्हा तासांना लागायची, असा तो आटोपशीर बेत असतो. ज्या युद्धाची जिंकणारी तारीख नाही, त्याच्यासाठी आमच्या वेळापत्रकात जागाच निघत नाही. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही, पण असे आहे.

स्कारबरोच्या ताईंचे दुःख मला समजते, तरीही माझा त्यांच्याशी मतभेद आहे. आठवीच्या मुलांसमोर रुग्णालयाची घटना काढू नये. मुले घरी जाऊन एवढेच सांगतील की आपल्या सैन्याने दवाखान्यात गोळ्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या दालनात उभे राहतील. हवालदारांनाच त्याचा त्रास होईल. अशा गोष्टींना वयाची आणि संदर्भाची गरज असते. मित्राविषयी बोलावे, मेजर परमेश्वरन यांच्याविषयी बोलावे, त्यांची कथा मुलांना खिळवून ठेवेल.

मुले एक प्रश्न हमखास विचारतात, तो आधीच सांगून ठेवतो: "तुम्ही किती जणांना मारले?" आजवर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला तो विचारला गेला आहे आणि प्रत्येक वेळी आम्ही शिक्षकांनी विचारणाऱ्याला खाली बसवले आहे.

---

खटावची_सून:

माझे यजमानही शांतिसेनेत होते. ते आता नाहीत. सर्वांचे वाचून राहवले नाही म्हणून लिहिते, चूकभूल द्यावी.

ते तिकडे गेले तेव्हा आमच्या लग्नाला वर्ष झाले होते. आमच्या गावात घरटी एक फौजी आहे, लढाई गावाला नवी नाही. पण त्या वेळी गावाने असे धरले की गडी परदेशात गेला. नळावर बायका मला विचारत, "टू-इन-वन आणणार का गं? साड्या कशा मिळतात तिकडं?" मीही मान हलवत असे, कारण मला तरी काय ठाऊक होते. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांत श्रीलंकेचे एखादे वाक्य येई, 'चकमकीत काही जवान जखमी' एवढेच, आणि लगेच पुढची बातमी. सासूबाई त्या वाक्यापुरता स्टोव्ह बंद करायच्या. पत्रात ते हवापाणी ठीक आहे, मनीऑर्डर मिळाली का, बैलाला खुरकूत झाली होती ती बरी झाली का, एवढेच लिहीत.

परत आल्यावर दिवाळीत पोरांनी फटाके लावले की ते न्हाणीत जाऊन बसत आणि आतून कडी लावत. गावाला वाटे, प्यायले आहेत. ते दारूला शिवतही नसत. मी कोणाला सांगायला गेले नाही, कारण 'फौजी माणूस फटाक्याला भितो' असे म्हटले गेले असते, त्यापेक्षा दारुडा म्हटलेले बरे, असे मला त्या वयात वाटले. ही माझी चूक झाली. त्यांच्या शेवटच्या आजारात एका शहरातील सैनिकी दवाखान्याच्या रांगेत त्यांना एक माणूस भेटला, जो त्याच काळात त्रिंकोमालीला होता. त्या दोघांनी तीन तास गप्पा मारल्या. लग्नाला तीस वर्षे होऊनही मी त्यांना एवढे बोलताना पाहिले नव्हते.

गुरुजी, तुम्ही विचारणाऱ्या मुलाला खाली बसवता ते बरोबर असेल. पण माझ्या यजमानांना कोणी तो प्रश्न विचारलाच नाही, मीही नाही, आणि त्याचाच त्यांना अधिक त्रास झाला असावा असे मला आता वाटते.

---

निवृत्त_हवालदार (कागल):

सर्वांचे आभार. आधी स्कारबरोच्या ताईंना उत्तर देतो.

त्या नरकचतुर्दशीला मी त्या रुग्णालयात नव्हतो. आमची कंपनी शहराच्या बाहेर अडकली होती आणि दिवस कोणता हे आमच्यापैकी एकालाच आठवत होते. त्याने सकाळी पाण्याच्या बाटलीतले थोडे पाणी हातावर घेऊन डोक्याला लावले आणि म्हणाला, झाले अभ्यंगस्नान. आम्ही हसलो होतो. त्याच दिवशी काही मैलांवर काय चालले होते, हे तुमचे वाचेपर्यंत मी या हसण्याशेजारी कधी ठेवून पाहिले नव्हते. 'मी तिथे नव्हतो' हे खरे आहे, पण ते लिहिताना मला हलके वाटत नाही. आम्हीही घरांची झडती घेतली आहे, दार लाथेने उघडले आहे. एका घरात एक म्हातारी चुलीसमोर बसून होती. आम्ही सारे घर उपसून बाहेर पडलो तरी तिने मान वर केली नाही. तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा, असे लिहावेसे वाटते. पण तो सांगावा की नाही, हे तुम्हीच ठरवा.

सुभेदारसाहेब, दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ मध्ये उघडल्यावर मी तिथे जाऊन मित्राचे नाव शोधून आलो. ग्रॅनाइटच्या विटांवर नावे कोरलेली आहेत, कारगिलची आणि पवनची एकाच मापाच्या अक्षरांत, आणि ते मला आवडले. एका गोष्टीची मात्र मला गंमत वाटते. ज्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी आम्हाला चालते व्हा म्हणून मुदत दिली होती, त्या देशाने कोलंबोजवळ आमच्या मृतांचे स्मारक २००८ मध्येच उभारले होते.

खटावच्या वहिनी, तुमच्या पत्राला माझ्याकडे उत्तर नाही. मी ते माझ्या पत्नीला वाचून दाखवले. तिने फक्त विचारले, "आपल्या न्हाणीची कडी मी गेल्या वर्षी का काढून टाकली, ते आता समजलं का?" मला समजले नव्हते.

---

निवृत्त_हवालदार (कागल):

काल जाऊन आलो, म्हणून कळवतो.

शाळेने पत्रिकेवरचा शब्द खोडला नाही, पण सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला मी आधी भेटून सांगितले आणि तिने स्पष्ट आवाजात "श्रीलंकेत लढलेले माजी सैनिक" असे म्हटले. मी वीस मिनिटे बोललो. भूगोलाच्या नकाशावर जाफना दाखवले. तंबाखूच्या शेतांचे सांगितले, तेव्हा मागच्या रांगेतील मुले जरा पुढे सरकली, कारण त्यांतील निम्म्यांच्या घरी तंबाखू आहे. मेजर परमेश्वरन यांच्याविषयी सांगितले, मित्राविषयी सांगितले, चुलीपुढच्या म्हातारीविषयीही सांगितले. रुग्णालयाविषयी सांगितले नाही. गुरुजींचे ऐकले म्हणून नव्हे, तर तोंडातून शब्द निघाला नाही म्हणून. ते माझ्याकडे राहिले आहे.

अपेक्षेप्रमाणे तो प्रश्न आला. पहिल्या रांगेतील एका मुलाने विचारला आणि एक शिक्षक लगबगीने उठले. मी त्यांना थांबवले आणि मुलाला म्हणालो की मला माहीत नाही, रात्री झाडलेली गोळी कुठे गेली ते झाडणाऱ्यालाही कळत नाही, आणि ते न कळणे मी अडतीस वर्षे बरोबर घेऊन फिरतो आहे. तो मुलगा "बरं" म्हणाला आणि बसला.

मग एका मुलीने हात वर केला. लोकांनी आम्हाला विचारले नाही, बंदरावर कोणी आले नाही, गाडीत जागा दिली नाही, हे सारे मी सांगून झाले होते. तिने विचारले, "पण घरी आलात तेव्हा तुम्हाला न्यायला कोण आलं होतं?"

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि 'कोणी नाही' म्हणणार इतक्यात मला कागलचा एसटी स्टँड दिसला. माझे वडील आले होते. मी कोणत्या गाडीने येणार हे त्यांना ठाऊक नव्हते. माझे पत्र पोचल्यापासून ते रोज संध्याकाळी पाच मैल सायकल मारून स्टँडवर येत होते, आणि मी उतरलो तो त्यांचा चौथा दिवस होता. त्यांनी काही विचारले नाही. पेटी उचलून कॅरिअरला काथ्याने बांधली आणि सायकल हातात धरून माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले. इतकी वर्षे मी ही हकिगत कोणालाही सांगताना पॅसेंजरच्या दारापाशीच थांबत होतो.

मुलीला मी एवढेच म्हणालो, "वडील आले होते, सायकल घेऊन." तिने विचारले, "कोणती सायकल?" मी म्हणालो, "हर्क्युलिस." मग घंटा झाली.

पहाटे पळणाऱ्या मुला, मी रविवारी सहाला तुमच्या मैदानावर येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळव.